तिसऱ्या दिवसाचा झेल

बिट्टीचं वय आता नातवंडं खेळवण्याचं झालं होतं, पण ताईच्या तोंडी ती बिट्टीच राहिली होती. कामावर तिला सगळे बाई म्हणत. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत ती मेणात दात बसवायची. या कामाने तिला एक खोड लावली होती. माणूस भेटला की आधी दात बघायचे, चेहरा मागाहून. "हिने नवरासुद्धा दात बघूनच पसंत केला," असं ताई चारचौघांत सांगायची आणि नवरा बिचारा तोंड मिटून हसायचा.

ताईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं. लग्नाचं गणित आपल्याला सुटलं नाही, असं ती म्हणायची. खरं तर तिने ते सोडवायला घेतलंच नव्हतं. तिला दोन वेडं होती, पुस्तकांचं आणि क्रिकेटचं, आणि या दोन्ही वेडांपायी तिसरं लागलं, ते फिरण्याचं. वर्षातून एकदा दोघी बहिणी कसोटी सामना बघायला निघायच्या, तेही आधी न पाहिलेल्या गावी. गाव ताई ठरवायची, गाडीची तिकिटं ताई काढायची. बिट्टीने फक्त सुट्टी टाकायची आणि डबा करायचा. जाताना जिने तिने आपापलं पुस्तक वाचायचं, येताना अदलाबदल करायची आणि घर येईपर्यंत भांडायचं, असा रिवाज होता. मैदानात मात्र ताई फक्त जेवणाच्या सुट्टीत वाचायची. "दोन षटकांच्या मधे पुस्तक उघडणं म्हणजे दोघांचाही अपमान," असं तिचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. आले ते कुरळे आले. "आयुष्यभर सरळ वागले त्याचं बक्षीस," ती म्हणाली. मग सगळं पूर्वीसारखं चालू झालं, किंवा बिट्टी तसं धरून चालली. दर तीन-चार महिन्यांनी ताई एकटीच तपासणीला जायची आणि फोनवर सांगायची, "सगळं ठीक. डॉक्टरांचे दात मात्र बघण्यासारखे नाहीत." बिट्टी हसायची आणि विषय तिथेच संपायचा.

त्या वर्षीचं गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. गाडीत ताई बराच वेळ डोळे मिटून बसली होती. पुस्तकही तिने एकच आणलं होतं, तेही पातळसं. बिट्टीने विचारलं तेव्हा म्हणाली, "आता जाड पुस्तकांचं मनगटावर ओझं होतं." मैदानात पोचल्यावर बिट्टी सवयीने वरच्या जिन्याकडे वळली, कारण ताईला कायम सगळ्यात वरची रांग लागायची. क्षेत्ररचना तिथूनच कळते, असा तिचा सिद्धांत. या वेळी ताईने तिचा दंड धरला. "खालची काढलीत. जरा खेळाडूंचे चेहरे तरी बघू एकदा."

बिट्टीला हे खटकलं, पण तिने मनावर घेतलं नाही. पहिला दिवस छान गेला. ऊन मऊ होतं, मैदानापलीकडे डोंगर निळा दिसत होता. शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. प्रत्येक चेंडूच्या आधी ते भविष्य सांगायचे आणि प्रत्येक वेळी तोंडावर आपटायचे. "आता उडणार बघा," असं त्यांनी म्हटलं की फलंदाज हमखास चौकार मारायचा. ताईने हळूच बिट्टीला सांगितलं, "यांना संघाने पगारावर ठेवायला हवं." आपल्या संघातला एक गोलंदाज ताईचा लाडका होता. उंच, बेढब, पाय टाकेल तिथे माती उडवणारा. त्याच्या हातून झेल इतके सुटायचे की प्रेक्षकांनी त्याचं नाव पोतं ठेवलं होतं. त्या दिवशीही त्याने एक सोपा झेल सोडला. सगळं मैदान कण्हलं. ताई एकटी टाळ्या वाजवत म्हणाली, "निदान चेंडूपर्यंत पोचला तरी. घेईल एक दिवस."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच तिने बिट्टीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "खोलीवर जाऊ या का?"

सामना सोडून खोलीवर? ताईच्या तोंडून असलं वाक्य बिट्टीने आजवर ऐकलं नव्हतं. हॉटेलचा जिना चढताना ताई प्रत्येक वळणावर थांबली आणि कठडा बघत असल्यासारखं केलं. खोलीत गेल्यावर पलंगाच्या कडेला बसून तिने चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाली, "परत आलंय. यकृतातही आहे. उन्हाळ्यातच कळलं."

बिट्टी हातातली पाण्याची बाटली तशीच धरून उभी राहिली. "उन्हाळ्यात? आणि मला आज सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तू सामन्याला येऊ दिलं नसतंस."

"बरोबर! नसतंच दिलं! दवाखान्यात नेलं असतं. आपण आता, आत्ता परत जाऊ. परवापासून औषधं सुरू करू. गेल्या वेळी लागू पडली होती की."

"डॉक्टरांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. गेल्या वेळचं तू बाहेरून बघितलंस, बिट्टी. मी आतून बघितलं. त्याने काही महिने वाढतील म्हणे, पण ते महिने बादलीपाशी बसून काढायचे. मला नाही काढायचे." मग बिट्टीचं तोंड उघडलेलं बघून तिने बोट वर केलं, वर्गात करायची तसं. "आणि हे बघ, मला डाव सोडू नकोस, खेळपट्टीवर उभी राहा, असलं काही सांगायचं नाही. मला खेळ खेळ म्हणून आवडतो. त्याची शिकवणी नको."

बिट्टी नेमकं तेच सांगणार होती. तोंडातले शब्द असे काढून घेतल्यावर तिला रडू येण्याऐवजी संताप आला. "सगळं तूच ठरवायचंस. गाव तू ठरवायचंस, जागा तू ठरवायचीस, आता मरणही तूच ठरव! मला एका शब्दाने विचारलंस? मी कोण तुझी? डबा करणारी?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि तुझं नको मला मोडता येत नाही. लहानपणापासून नाही येत."

"मग इथे कशाला आणलंस? निरोप घ्यायला? तिकीट काढून?"

"सामना बघायला आणलं," ताई थकून म्हणाली. "चांगला होईल असं वाटलं होतं."

त्या संध्याकाळी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. खालून सूप मागवलं, ते दोन घोटांनंतर ताईने बाजूला सारलं. बिट्टीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. रागाला काहीतरी धरून ठेवायला लागतं, तिने ते सूप धरलं. मनाशी म्हणाली, खायचंच नाही, मग माणूस बरं व्हायचं कसं.

सकाळी ताई म्हणाली, "तू जा. मी पडते जरा." बिट्टी "बरं" म्हणून खरंच निघून गेली. जाताना दार जरा जोरातच लागलं. तिने ते लावलं नव्हतं, पण सावरलंही नाही.

मैदानात शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "मोठ्या बाई नाही आल्या?"

"डोकं दुखतंय तिचं," बिट्टी म्हणाली. तिने पर्स ताईच्या खुर्चीवर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. सकाळचा खेळ तिच्या डोळ्यांसमोरून नुसताच सरकत गेला. समोरच्या संघाचे दोन फलंदाज मुळं फुटल्यासारखे उभे होते आणि ऊन चढत होतं. जेवणाच्या सुट्टीनंतरही तेच. गृहस्थांनी जांभई दिली आणि जाहीर केलं, "आज काही ही जोडी फुटत नाही."

पुढच्याच चेंडूला फलंदाजाने पाय पुढे टाकून फिरकीवर बॅट फिरवली. चेंडू उंच उडाला, मिडऑफच्या डोक्यावरून मोकळ्या जागेत जाणार. मिडऑफला उभं होतं पोतं. ते वळलं आणि धावत सुटलं, सीमारेषेकडे तोंड, चेंडूकडे पाठ, टोपी कुठल्या कुठे उडालेली, हात वेडेवाकडे. कोणीतरी हसलंसुद्धा. आणि मग चेंडू त्याच्या खांद्यावरून खाली येताना त्याने दोन्ही हात पुढे केले, एखाद्याने अंगावर टाकलेलं तान्हं मूल झेलावं तसे, आणि चेंडूसकट तोंडावर आपटलं. मग धुळीतून एक हात वर आला आणि त्या हातात चेंडू होता.

सगळे उभे राहिले. बिट्टीही ओरडत उभी राहिली, शेजारच्या खुर्चीकडे वळली आणि म्हणाली, "बघितलंस, ताई?"

खुर्ची रिकामी होती. पलीकडचे गृहस्थ टाळ्या वाजवत होते. ते तिच्याकडे बघून हसले आणि तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू विरलं. बिट्टीला कळलं की हे आता असंच होणार आहे. रोज होणार आहे, मैदानात, स्वयंपाकघरात, पुस्तकाच्या पानावर, आणि ताई आज तरी इथून हाकेच्या अंतरावर आहे. ती उठली. "अहो, आत्ताच तर खेळ रंगतोय," गृहस्थ म्हणाले. ती लोकांच्या पायांवरून, पिशव्यांवरून वाट काढत बाहेर पडली आणि त्या वयात जमेल तितकी पळत हॉटेलवर आली.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. मांडीवर मोबाइल, त्यावर समालोचन चाललेलं. अंगावर चादर. बिट्टी दारात धापा टाकत उभी राहिली.

"घेतला ना त्याने?" ताईचे डोळे चमकत होते. "हे समालोचन करणारे नुसते किंचाळतात. कसा घेतला ते काही सांगत नाहीत. तू सांग. पहिल्यापासून सांग."

बिट्टीने सांगितलं. पलंग झाला खेळपट्टी, कपाट झालं सीमारेषा. ती पोत्यासारखी पाय फेकत खोलीभर धावली, तिच्या ओढणीचं टोक टेबलाला अडकलं. ताई मधेच थांबवायची. "वारा कुठून होता?" "त्याने मागे वळून किती वेळा बघितलं?" "कपाळावर पडला की हनुवटीवर?" बिट्टीने पलंगावर तोंडघशी पडून दाखवलं. ताई पोट धरून हसली, मग हसताना दुखलं म्हणून थांबली. बिट्टी पडली होती तशीच पडून राहिली. तिचे खांदे हलत होते. ताई खुर्चीतून उठली, तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

"मला नाही जमायचं गं," बिट्टी उशीत म्हणाली.

"मलाही कुठे जमतंय," ताई म्हणाली. "मला भीती वाटते. दुपारची जास्त वाटते, का कोण जाणे."

बिट्टीने तोंड वर केलं. ताईला भीती वाटते हे तिने जन्मात कधी ऐकलं नव्हतं. ताईचे दात पिवळसर झाले होते आणि हिरड्या मागे सरल्या होत्या. इतके दिवस समोर बसून आपल्याला हे दिसलं कसं नाही, असं तिला वाटलं.

"माझ्याकडे राहायला ये," ती म्हणाली. "हे मी ठरवलंय. विचारत नाहीये."

"बरं," ताई म्हणाली.

उरलेले दोन दिवस त्या मैदानात गेल्या नाहीत. आपला संघ शेवटच्या दिवशी हरला. तेव्हा ताईला झोप लागली होती. जाग आल्यावर तिने बिट्टीकडे बघितलं. "हरलो?"

"हरलो. पण चहापर्यंत नेलं त्यांनी."

"चहापर्यंत नेलं म्हणजे चांगलंच खेळले," असं म्हणून तिने पुन्हा डोळे मिटले.

ताई बिट्टीकडे आली ती थंडीच्या सुरुवातीला. बिट्टीच्या नवऱ्याने तिच्यासाठी पुढची खोली रिकामी केली. ताईला दुपारी भीती वाटते म्हणून बिट्टी दुपारचीच घरी यायला लागली, कार्यशाळेचं उरलेलं काम सकाळी लवकर जाऊन उरकायची. दुपारी ती ताईला पुस्तक वाचून दाखवायची. ताई ऐकता ऐकता लेखकाशी भांडायची. मग भांडणं कमी झाली, मग नुसती मान हलायची. एकदा बिट्टीने मुद्दाम दोन पानं गाळून वाचलं, तर ताई डोळे न उघडता म्हणाली, "मधलं खाल्लंस." बिट्टीला इतका आनंद झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

ताई गेली ती सकाळी, बिट्टी कामावर असताना. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिच्या हातात एका म्हाताऱ्या बाईंची कवळी होती, मेण अजून ऊन होतं. ती हात धुऊन घरी आली. ताईचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. बिट्टीने दोन बोटांनी ते हलकेच मिटलं आणि मिटून राहीपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

पुढे कितीतरी महिने तिने सामना बघितला नाही. ताईच्या घरातली पुस्तकं तिच्या शाळेला दिली, थोडी स्वतःकडे ठेवली, पण उघडली नाहीत. नवऱ्याने एकदा विचारलं, "या वर्षी कुठे जायचंय का? मी येतो." ती नाही म्हणाली आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग एका दुपारी कार्यशाळेत प्लास्टरचे साचे ओतणाऱ्या माणसाने मोबाइलवर समालोचन लावलं. लावलं आणि लगेच जीभ चावली. "बंद करतो, बाई. लक्षात नाही राहिलं."

"राहू दे," ती म्हणाली.

तिने हातातलं काम चालू ठेवलं. खालच्या जबड्याचे पुढचे दात, एकेक, मेणात. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाई, वेगवान गोलंदाज चांगला टाकतोय, मग यांनी फिरकी का आणली?"

तिने कारण सांगितलं. चेंडू जुना झालाय, वारा उलटा आहे, फलंदाज पाय हलवत नाहीये. सांगता सांगता तिचा आवाज वाढला होता, हातातली सुरी हवेत फिरत होती.

"तुम्हाला बरंच कळतं हो," तो म्हणाला.

"माझ्या बहिणीला कळायचं," बिट्टी म्हणाली.

'कळायचं' असा भूतकाळातला शब्द तिने आजवर ताईबद्दल वापरला नव्हता. तो किती सहज बाहेर पडला, हे कळून ती थांबली. हातातला दात मेणात तिरका बसला होता. तिने तो काढला, मेण दिव्यावर धरून मऊ केलं आणि पुन्हा बसवायला घेतला. प्लास्टरवाल्याने मोबाइल थोडा तिच्या बाजूला सरकवला आणि तो आपल्या साच्यांकडे वळला.