न सुटणारा फिल्टर

देवाप्पा कांबळे पाटबंधारे खात्यात इंजिनियर होता. सत्त्याऐंशी साली बेळगावात, क्वार्टरच्या अंगणात, त्याची स्वतःची पांढरी मारुती उभी असे आणि सहा महिन्यांतून एकदा तिचं ऑईल तो स्वतः बदलायचा. बरोबरीचे साहेब लोक गाडी गॅरेजात धाडून पेपर वाचत बसत. ह्याला हात काळे केल्याशिवाय चैन पडत नसे, आणि ते त्याच्या बापाच्या, कल्लाप्पाच्या, चांगलंच पथ्यावर पडलं होतं.

कल्लाप्पानं निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं हमाली केली. पोराला शिकवलं. पोरगा साहेब झाला आणि बापाला इथं आणून त्यानं सांगितलं, "आप्पा, आता तुमी नुसता आराम करायचा." सांगायला काय जातंय! पाणी भरायला गडी, बाजाराला शिपाई, घरातलं सगळं बघायला सून. म्हाताऱ्यानं भांडं उचललं तरी चारजण धावत येत. आराम करून करून तो बिचारा पार दमून गेला होता. ऑईल बदलायच्या दिवशी मात्र गाडीखालून हाक येई, "आप्पा, पाना द्या." त्या हाकेसाठी तो सहा महिने दिवस मोजत असे.

त्या रविवारी जुनं ऑईल पातेल्यात उतरलं आणि तिथंच घोडं अडलं. फिल्टरचा डबा सुटेना. देवाप्पानं हातानं पिळून बघितलं, फडकं गुंडाळून बघितलं. शेवटी वैतागून त्यानं डब्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकला, तर पत्रा टरकन फाटला आणि डबा होता तिथंच राहिला. बोटाची सालटी निघाली. गाडीत ऑईल नाही, म्हणजे आता ती गॅरेजपर्यंतही नेता येणार नव्हती.

"हे त्या भरमूचं काम," देवाप्पा तोंडावरचं ऑईल पुसत म्हणाला. भरमू म्हणजे ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर, कंग्राळीचा. मागच्या खेपेला त्यानंच नवा फिल्टर बसवून दाखवला होता. "मला म्हणतोय, साहेब, नुसत्या हातानं आवळायचा, आनि सोता बघा कसा आवळलाय! उद्या त्येची हजेरीच घेतो. परत माझ्या गाडीला हात लावू देणार न्हाय."

कल्लाप्पानं हातातला पाना खाली ठेवला.

भरमूनं फिल्टर हातानंच आवळला होता. कल्लाप्पानं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्या रात्री त्याला झोप लागली नव्हती. वखारीत तंबाखूचे बोद, म्हणजे मोठे गठ्ठे, बांधताना दोरीला दांडका घालून पीळ द्यायचा, बोद दगडासारखा झाला पाहिजे. सैल बांधलेलं काही टिकतं, यावर त्याचा विश्वासच नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर पोरगा, सून, नातवंडं ह्याच गाडीतून तवंदीचा घाट चढून निपाणीला जाणार होती. हातानं लावलेला डबा घाटात गळून पडला म्हणजे? कोणी उठायच्या आत तो दोरी आणि दांडका घेऊन गाडीखाली शिरला होता.

आता गप्प बसलं तर भरमूवर बालंट. बोललं तर गाडीच्या कामातून आपली सुट्टी, कायमची. वखारीत दुसऱ्याच्या चुकीपायी शिव्या कल्लाप्पानं पुष्कळ खाल्ल्या होत्या. त्या कशा लागतात हे त्याला ठाऊक होतं.

"भरमूला काय बोलू नगंस," तो म्हणाला. "त्येनं बरोबर केलंतं. म्या आवळलाय."

"तुमी? कशानं?"

कल्लाप्पा घरामागं गेला. येताना सुंभाची दोरी, हातभर दांडका आणि चुलीतली मूठभर राख घेऊन आला. डबा फडक्यानं पुसून राखेनं चोळला, म्हणजे दोरी घसरायला नको. मग त्यानं तीन वेढे घातले, दांडका अडकवून दोरी डब्याला घट्ट धरेपर्यंत पिळली आणि दोन्ही हातांनी दांडका उलट्या अंगानं ओढला. करकर आवाज झाला. दुसऱ्या ओढीला डबा फिरला. चाळीस वर्षांत ह्या हातांनी काही उलटं पिळायची ही पहिलीच वेळ.

देवाप्पा बघतच राहिला. मग चिडला. "तासभर मी झटापट करतोय, आनि तुमी बघत बसलाय? आधीच का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर पुढच्या टायमाला बोलावलं नसतंस." म्हातारा दांडक्यावरची दोरी सोडवू लागला. "ह्या घरात तेवढं एकच काम हाय मला."

बापाला सुखात ठेवलं म्हणून चारचौघांत तो किती वेळा छाती फुगवून बोलला होता! त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं नवा फिल्टर खोक्यातून काढला, रबराला बोटानं ऑईल लावलं आणि तो बापापुढं धरला.

"तुमीच बसवा. हातानं."

कल्लाप्पानं बसवला. हात शिवशिवत होते. "आनि थोडा?"

"नगं."

"लई सैल वाटतोय रं."

"वाटू दे."

सोमवारी सकाळी देवाप्पा ऑफिसला निघाला तेव्हा कल्लाप्पा ओट्यावर बसला होता. देवाप्पानं गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "ऑईल, पाणी, चाकातली हवा. रोज सकाळी बघायचं. तुमी जा म्हटल्याबिगर मी गाडी काढणार न्हाय."

"उशीर हुईल की तुला."

"हुंदे."

कल्लाप्पा उठला. त्यानं बॉनेट उघडलं, ऑईल मोजायची पट्टी ओढून पुसली, परत बुडवली आणि उन्हात धरून नीट बघितली. वाकून फिल्टरखाली हात फिरवला. हात कोरडा निघाला. चारी चाकांभोवती तो सावकाश फिरला, आणि तेवढा वेळ साहेब हातात बॅग घेऊन उभा होता.

"जा," कल्लाप्पा म्हणाला.