डाकोटाचा डेक

"मानवजातीची सगळी प्रगती म्हणजे वजन कमी करत जाणं आहे!" मार्तंडराव कर्णिक गरजले, आणि म्हणणं पुरतं पटावं म्हणून डोक्यावरचा पत्रा अंगणात टाकून त्यावर उभे राहिले.

"खाली माझ्या मिरच्या वाळताहेत," नलिनीबाई ओटीवरून म्हणाल्या.

मानवजात घाईघाईने खाली उतरली. पत्रा उचलून पाहिला तर वर्षाच्या तिखटाचं निम्मं काम झालेलं होतं. बिया एकीकडे, सालं एकीकडे.

"एका बोटावर पेलतो हा. बघ!"

"मग बोटावरच ठेवा. मिरच्यांवर नको."

पत्रा साधा नव्हता. दाराच्या फळीएवढा, वर-खाली ॲल्युमिनियमचं पातळ कातडं आणि मधे बिस्किटासारखं हलकं लाकूड. लढाईत डाकोटा विमानाच्या तळाशी बसून त्याने ब्रह्मदेशावरून सोल्जर वाहिले होते. आता विमान मोडीत निघालं होतं, आणि तसले पुष्कळ पत्रे मार्तंडरावांनी जुहूच्या कारखान्यातून भंगारात घेऊन अंधेरीला चाळीच्या अंगणात रचायला सुरुवात केली होती.

शेजारच्या ओटीवर भाऊ टिपणीस आरामखुर्चीत पडले होते. निवृत्त झाल्यापासून ते त्या खुर्चीतून फारसे उठले नव्हते. कचेरीत असताना तर मुळीच नाही.

"अरे मार्तंड, विमान बांधतोयस की काय रे?"

"होडीचा डेक!"

"होडी कुठाय?"

"वर्सोव्याला."

"मग डेक अंधेरीला कशाला?"

मार्तंडराव विहिरीपर्यंत जाऊन परत आले.

हे त्यांचं नेहमीचंच होतं. मार्तंडराव कर्णिक एका जागी बसलेले कुणी पाहिले नव्हते. जेवताना दोन घास झाले की ते खिडकीशी जाऊन पाहून येत. शेजारी सत्यनारायण झाला तेव्हा साधुवाण्याची नाव बुडेपर्यंत ते कसेबसे बसले, आणि ती पुन्हा वर येण्याच्या आत उठून गेले. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण नवऱ्याला बसलेला पाहायचा तर त्याला ताप यावा लागतो, हे नलिनीबाईंना पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

अशा माणसाला नोकरी मिळाली ती कोठीतल्या कारकुनाची. धावपट्टीला लागून विमानं दुरुस्त करणारा कारखाना होता. तिथे रिव्हेट, वॉशर, नटबोल्ट मोजून द्यायचे आणि उरलेले मोजून घ्यायचे. खुर्चीचा वेत नवाकोरा राहिला होता, खुर्चीभोवतीची लादी मात्र झिजली होती. डोळ्यांदेखत दिवसभर विमानं उडत. दुरुस्त झालेलं विमान पहिल्यांदा वर न्यायचं तर आत माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवत. ती पोती मार्तंडरावांच्याच ताब्यात. त्यांच्या पोत्यांनी पुण्यापर्यंतचं आकाश पाहिलं होतं. मार्तंडरावांनी पोती पाहिली होती.

त्या साली साहेबांनी त्यांना हेडक्लार्क करायचं ठरवलं. म्हणजे काचेची केबिन, आणि केबिनमध्ये कायमचं बसणं. मार्तंडराव कोठीला दोन फेऱ्या घालून आले. त्यांनी साहेबांना सांगून टाकलं, "चैत्री पौर्णिमेच्या रविवारी माझी होडी पाण्यात जातेय. ती तरली तर सोमवारी मी राजीनामा देणार. नाही तरली तर केबिन."

साहेब म्हणाले, "आणि तुम्हीच नाही तरलात तर?"

*

होडी अर्धीच त्यांची होती. उरलेली अर्धी, आणि सगळं पाण्याखालचं, गुणाजी तांडेलाचं. गुणाजी मालवणकडचा. गिरणीत कापूस छातीत बसायला लागला तेव्हा तो वर्सोव्याला आला आणि एक जुनी होडी घेऊन खाडीपलीकडच्या मढच्या उतारूंची ने-आण करू लागला. होडीच्या फळ्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या की चार उतारू बसले की पाचव्याला किनाऱ्यावरच रामराम करावा लागे. मार्तंडराव रविवारी चालत चालत वर्सोव्याला जात आणि पुढे जमीन संपते म्हणून परत येत. तिथेच दोघांची गाठ पडली. फळ्या काढून विमानाचे पत्रे टाकायचे, दुप्पट उतारू घ्यायचे आणि रविवारी हौशी लोकांना मढच्या किल्ल्याला वळसा घालून आणायचं, असा बेत ठरला. मार्तंडरावांचा डेक, गुणाजीची होडी.

पत्रे बैलगाडीने नेले. शेवटचा गाडीत मावेना म्हणून मार्तंडरावांनी डोक्यावर घेतला. वर्सोव्याच्या वळणावर खाऱ्या वाऱ्याची झुळूक पत्र्याखाली शिरली आणि मार्तंडराव उचलले गेले. किती, याबद्दल मतभेद आहेत. ते स्वतः दोन हात म्हणत. गाडीवान म्हणाला, टाचा.

"पत्रो हलको आसा," गुणाजीने पत्रा बोटांनी वाजवून पाहिला. "पण टिकात मां, साहेबानू?"

"गुणाजी, यावरून पलटणी गेल्यात!"

"पलटणीचा सोडा. मढच्या बायका टोपल्ये घेवन बसतत, त्यांचा बोला."

पुढचा महिनाभर मार्तंडराव कारखाना सुटला की थेट वर्सोव्याला. होडी वाळूत, झापांच्या मांडवाखाली होती. समुद्रावरून गार वारा येई. रिव्हेट ठोकताना मार्तंडराव अनवाणी असत, कारण पहिल्याच दिवशी ते चपलांसकट होडीत चढले तेव्हा गुणाजीची बायको मालन कोयता घेऊन धावली होती.

"व्हाणो काढा पयल्यांदा! होडी म्हंजे आई आसा. आईच्या अंगार कोण व्हाणो घालून चढता?"

मार्तंडरावांनी चपला काढल्या. तळपायाला पत्रा कसा गार लागला. कपाळावर चंदनाची उटी ठेवावी तसा. "काय सुख आहे!" ते म्हणाले. संध्याकाळ होती. मांडव होता. त्यांच्या किंवा गुणाजीच्या, कुणाच्याच मनात दुपारचा विचार आला नाही.

*

पौर्णिमेची भरती भर दुपारी येते. सकाळी लोकांनी हात लावून होडी मांडवाबाहेर काढली आणि पाण्याच्या कडेला आणून ठेवली. पाणी यायला अवकाश होता. तोवर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, नारळ फुटला. चैत्राचं ऊन पत्र्यावर पडलं होतं आणि डेक असा चकाकत होता की मढच्या बायका डोळ्यांवर हात धरून पाहत होत्या. भाऊ टिपणीससुद्धा खुर्ची सोडून आले होते. मात्र आल्याआल्या कुणाच्या तरी उलट्या टोपलीवर बसले.

बारा वाजून गेले आणि पाणी लागलं. होडी डुलली.

"साहेबानू, पयलो पाय तुमचो," गुणाजी म्हणाला. तो सुकाणूशी, मागच्या लाकडी फळीवर उभा होता. तेवढी एकच जुनी फळी उरली होती.

मार्तंडरावांनी चपला काढून नलिनीबाईंजवळ दिल्या, हात जोडले, आणि चढले.

पहिल्या क्षणी काही झालं नाही. दुसऱ्या क्षणी त्यांचा चेहरा पत्ता हरवल्यासारखा झाला. तेवढ्यात मागून उतारू चढले. एकेक करून सगळे अनवाणी.

"अगो बाये!"

"अरे वाट लागली! पाय जळले!"

पहिली बाई टोपलीसकट उडाली ती गुडघाभर पाण्यात. तिच्यामागे दुसरी. एक गृहस्थ एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, मग कुठल्याच पायावर नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं, आनंदाने नाचताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"व्हाणो घाला रे, व्हाणो!" कुणीतरी ओरडलं.

"खबरदार!" मालन किनाऱ्यावरून गरजली. "होडी तापली म्हणान काय आई नाय ती?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "उद्यापासून तवो घरातच ठेवते. बांगडे होडयेरच भाजूया!"

हशा झाला. आणि त्या हशात नलिनीबाईंना दिसलं की मार्तंडराव हललेले नाहीत.

ते डेकच्या मधोमध उभे होते. पाय जोडून, हात बाजूला, नजर समोर. सगळी होडी रिकामी झाली होती. ज्या माणसाला दोन घास एका जागी गिळवत नव्हते, तो तापल्या पत्र्यावर खांबासारखा उभा होता.

"काय झोकात उभा आहे बघा," भाऊ म्हणाले. "याला चटका बसत नाही वाटतं."

 हे एका जागी उभे आहेत म्हणजे फार दुखतंय, एवढं नलिनीबाईंना कळलं. त्यांनी हातातल्या चपला छातीशी धरल्या.

"साहेबानू, उतरा!" गुणाजी म्हणाला.

"चल," मार्तंडराव म्हणाले.

"पाय—"

"तू चल. भरती आहे."

गुणाजीने वल्हं मारलं. होडी सुटली ती पानासारखी. खाडीच्या तोंडापर्यंत कशी गेली ते गुणाजीलाही कळलं नाही. तिथे लाट आली, होडी लाटेवर चढली आणि वरच्या वर क्षणभर थांबली. समोर मढचा किल्ला होता, आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

"हलकी आहे ना?" मार्तंडरावांनी वळून न पाहता विचारलं. आवाज बारीक येत होता.

"हलकी आसा, साहेबानू. खोटा कित्याक बोलू? अशी होडी मी जल्मात हाकूक नाय."

"मग वळव," मार्तंडराव म्हणाले. तेव्हा गुणाजीने पोहरा भरून त्यांच्या पायाशी पाणी ओतलं, आणि पत्रा चर्र वाजला.

*

उपाय झाले नाहीत असं नाही. गुणाजीने पत्र्यांवर ओली गोणपाटं अंथरली. होडी खाली बसली. भिजलेली गोणपाटं जुन्या फळ्यांपेक्षा जड भरली. भाऊंनी पांढरा रंग सुचवला. पण त्याच संध्याकाळी वर्सोव्यात आणि दुसऱ्या दिवशी मढला होडीचं नाव "तवा" पडलं होतं, आणि नावाला रंग लावता येत नाही. पुढच्या रविवारी एकही उतारू आला नाही. गुणाजीने जुन्या फळ्या पुन्हा ठोकल्या, पत्रे धुऊन पुसून बैलगाडीत घातले, वर एक पापलेटांची जोडी ठेवली आणि गाडी अंधेरीला पाठवली. निरोप एवढाच होता: "साहेबांक सांग, होडी चुकली नाय."

होडी पाण्यात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मार्तंडराव राजीनामा द्यायला जाऊ शकले नाहीत, कारण ते कुठेच जाऊ शकत नव्हते. दोन्ही तळपायांना फोड आले होते. नलिनीबाई सकाळ-संध्याकाळ तूप लावून केळीची पानं बांधत. मंगळवारी कारखान्यातून शिपाई आला. साहेबांनी रजा मांडली होती, आणि केबिनची काच पुसून ठेवली होती.

पत्रे आले त्या दिवशी मार्तंडराव ओटीवर खांबाला टेकून बसले होते. पाय लांब केलेले, पानं बांधलेली. आरामखुर्चीतून भाऊ म्हणाले, "बसायची सवय होतेय रे हळूहळू. छान असतं."  वरून जुहूचं एक विमान गेलं. त्यांनी मान वर केली नाही. पायाची बोटं मात्र पानांच्या आत हलली.

नलिनीबाई आतून कुरडयांचं पातेलं घेऊन आल्या. अंगणात एक पत्रा उन्हात आडवा टाकलेला होता. त्यावर त्या सोऱ्याने एकेक कुरडई घालू लागल्या. पांढरी शुभ्र चक्रं एकाशेजारी एक पडत गेली.

"चांगला तापतो हो," त्या म्हणाल्या. "दोन उन्हांचं काम एका उन्हात होईल."

मार्तंडरावांनी पत्र्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "तो इकडे कुणी आणून टाकला? गाडीवान तर गेला."

"मीच. एका हाताने उचलला."

"एका हाताने?"

"हलका आहे की."

मार्तंडरावांनी मान खाली घातली. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. ते पाहायला नको म्हणून नलिनीबाईंनी रिकामं पातेलं उचललं, आत जाता जाता दाराशी ठेवलेली वेळूची काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या,

"जरा इथेच बसा हं. कावळे फार झालेत."