साठ पावले सरकवलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना पूररेषेचा दगड आहे. नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी एका छोट्याशा नगरपालिकेच्या गावात मी उभा असतो. माझ्या अंगावर कोरले आहे : ‘येथून नदीकडे घर बांधू नये.’ एवढे सोपे वाक्य; पण गावच्या कारभाऱ्यांना ते कधी पचले नाही.

१९६२ साली पाथरवटाने मला घडवले. आदल्या पावसाळ्यात नदी गावात शिरली होती. गोपाळराव ओव्हरसियर माझी जागा ठरवायला आले, तेव्हा वांगी विकणाऱ्या तुळसाबाईने त्यांना घरोघरी नेऊन भिंतींवरचे गाळाचे डाग दाखवले. “इथलोक आलतं पाणी, साहेब.” त्यांनी तिचे ऐकले आणि मला तिथेच रोवले. कार्यालयातला ऐकून घेणारा माणूस मी तो पहिला आणि शेवटचा पाहिला.

पुढे मनोहरराव नगराध्यक्ष झाले. त्यांनी पूर नियोजन समिती नेमली. तिच्या बैठका नागपुरात, सदर भागातल्या हॉटेलात भरत, कारण नदीकाठी म्हणे डास फार. चार वर्षांत समिती नदीवर एकदाच आली, आणि तेव्हाही जीपमधून उतरली नाही. मनोहररावांना काठावर प्लॉट पाडायचे होते आणि मी आडवा येत होतो. मग ठराव झाला, एकमताने. १९७१ साली पहारींनी उपटून मला साठ पावले नदीकडे नेऊन पुरले.

तुळसाबाई तिथे आली. “काहून जी, मनोहरराव? दगड तं खाली नेला. आता नदीले कोण सांगन?”

“बाई, तुले काय समजते? याले प्लॅनिंग म्हणतात.” ते हसले, म्हणून सदस्यही हसले. मला मात्र माझ्याच अक्षरांची लाज वाटू लागली.

माझ्या मागे बावीस घरे उभी राहिली. त्यांतले एक कवडू नावाच्या गिरणी कामगाराचे आणि त्याची बायको गोपिका हिचे. कवडूने माझ्यावरची अक्षरे बोट फिरवून वाचली आणि मगच घराचा पाया खणला.

तीन वर्षांनी, भाद्रपदातल्या एका दुपारी, पाणी माझ्या डोक्यावरून गेले. समिती तेव्हा कार्यालयात नकाशा पसरून बसली होती. नकाशावर सगळी घरे सुरक्षित होती! तुळसाबाई गुडघाभर पाण्यातून दारोदार ओरडत होती, “गोपिका वं, भांडे राहू दे, लेकरं घे! विहाराकडे चाल!” बौद्ध विहार उंचावर होते. सारे तिकडे निघाले.

कवडू दारातच थांबला. “तुळसाबाई, आपलं घर दगडाच्या वर आहे. सरकारी दगड आहे, खोटा नसन. मी सामान सांभाळतो.”

भिंत त्याच्यावर कोसळली. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

महिन्याभरात मला पुन्हा जुन्या जागी आणले. मनोहररावांनी नारळ फोडला, मला शेंदूर फासला, हार घातला, फोटो काढून घेतला. कवडूचे नाव भाषणात आले नाही. सगळे पांगल्यावर गोपिका ओले फडके घेऊन आली आणि अक्षरे दिसेपर्यंत मला पुसत राहिली.

मित्रांनो, मला हार नको, शेंदूर तर नकोच. माझी अक्षरे उघडी ठेवा. आणि पुन्हा कोणी ठराव घेऊन, पहार घेऊन माझ्याकडे आला, तर त्याच्या वाटेत उभे राहा. माझ्यावर विश्वास ठेवून कोणीतरी पाया खणत असतो.