श्वासामागून झुलणारं हृदय

डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या सराव परीक्षेच्या सकाळी वैष्णवीच्या पोटात पाण्याचा घोटही टिकत नसे. मागच्या रविवारी तर ती पेपर अर्धवट टाकून ओकायला बाहेर धावली होती. म्हणून आज तिची आई छाया देवळ्याहून पहिल्या एसटीने शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या खोलीवर येऊन थडकली. आजही पेपर पुरा झाला नाही, तर पोरीला घरी न्यायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

"लय झालं डॉक्टर होणं," ती म्हणाली. "डॉक्टरच आजारी, मग पेशंटनं जायचं कुठं?"

खोलीत वैष्णवीसोबत तिची मावसबहीण वेदिका राहायची. तिने शरीरक्रियाशास्त्रात नुकतीच पदवी घेतली होती. कानाच्या पाळीला लावला की नाडी मोबाइलवर दाखवणारा एक चिमटा तिने कॉलेजच्या प्रकल्पासाठी स्वतः जोडला होता. महिनाभर ती वैष्णवीला ध्यानाला बसवत होती आणि महिनाभर उलटंच घडत होतं. डोळे मिटले की वैष्णवीची नाडी वाढायची.

आजही ध्यानाला बसताच आकडा शंभराकडे निघाला. वेदिकाने मान वर केली, तर वैष्णवीचा डावा डोळा किलकिला होऊन मोबाइलवर खिळलेला.

"एका डोळ्यानं ध्यान करतेस होय गं?"

"बघू दे ना ताई. परवा ब्याऐंशीवर रोखला होता. आज सत्तर करायचाय."

"ही काय मेरिट लिस्ट आहे?"

बोलता बोलता वेदिकाच ओशाळली. क्लासमध्ये गुण, इथे ठोके. पडदा हिच्यासमोर ठेवला कोणी?

तिने मोबाइल स्वतःकडे वळवला. "आता आकडा माझा. तू फक्त श्वास सावकाश सोड. चुकला तरी चालेल."

खाली ट्रकचे हॉर्न चालूच होते. छायामावशी भिंतीला टेकून बसली. हळूहळू पडद्यावरची, आकड्याखालची ठोक्यांची वेडीवाकडी रेघ वळण घेऊ लागली. श्वास आत आला की ठोके जवळजवळ, सुटला की लांबलांब. वेदिकाच्या अंगावर काटा आला. हे तिने परीक्षेत व्याख्येसकट लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. पण ते असं दिसतं? मुलगी काहीच करत नव्हती, आणि मुठीएवढं हृदय तिच्या श्वासामागून पाळण्यासारखं झुलत होतं. जन्मापासून झुलत असणार. फक्त भीतीनं ते आखडलं होतं.

वैष्णवीने डोळे उघडले. आकडा विचारलाच नाही.

"आई, डब्यात काय आणलंयस?"

"मेथी-भाकरी. पण पेपर हाय ना? ओकशील."

"भूक लागलीये गं."

अर्धी भाकरी खाऊन ती परीक्षेला गेली. मावशी आणि वेदिका केंद्राच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, नजर दारावर. पेपर सुटेपर्यंत त्या दारातून कोणी धावत आलं नाही.

"नुसत्या श्वासानं झालं का गं हे?" मावशीने हळूच विचारलं.

एका सकाळवरून काही सिद्ध होत नाही, हे वेदिकाला पक्कं ठाऊक होतं.

"सांगता नाही येत, मावशी," ती म्हणाली. "पण श्वासामागून तिचं हृदय झुलताना मी पाहिलं."