मृतांच्या रविवारचा बाजार

होल्गर मला फ्रीडलकाकू म्हणतो. त्याची आई बाबेट आणि मी शेजारणी, त्यामुळे तो चालायला लागल्यापासून मी त्याची काकू. आता तो आमच्या गावच्या पर्यटन कचेरीचा प्रमुख झालाय. गळ्यात मफलर, हातात फोन, आणि माझं डोकं फिरवण्यात लहानपणापेक्षा जास्त तरबेज.

आमचं गाव जर्मनीत, माइन नदीच्या वळणावर आहे. चर्चसमोरच्या चौकात नाताळचा बाजार भरतो आणि चर्चच्या पायऱ्यांलगतचा कोपरा आमचा. तांब्याच्या कढईत साखर नि दालचिनी घालून बदाम भाजायचे, हे काम आधी सासऱ्यांनी केलं, मग माझ्या नवऱ्यानं, कास्परनं. गेल्या वसंतात कास्पर गेला आणि कढई माझ्या एकटीच्या हातात आली.

बाजार कधी सुरू करायचा, यावर आमच्याकडे कधी कुणी डोकं खाजवलं नव्हतं. आधी मृतांचा रविवार, मग बाजार. त्या रविवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. एकेका नावाला घंटा होते आणि ज्याचं माणूस गेलंय तो उठून उभा राहतो. मग सगळे टेकडीवर जाऊन कबरींवर हिरव्या फांद्यांची चक्रं ठेवतात. तो दिवस मावळेपर्यंत गावात कुणी साधी दिव्यांची माळसुद्धा लावत नाही.

शरदात होल्गरनं सगळ्या ठेलेवाल्यांना खाणावळीत बोलावलं.

"यंदा आपण एक आठवडा आधी उघडतोय," तो म्हणाला. "पर्यटकांचं पहिलं जहाज त्या रविवारीच धक्क्याला लागतंय. पाहुणे बाजार बघायला येतात, कुलपं बघायला नाही."

"मृतांच्या रविवारी?" मी विचारलं.

"म्हणूनच त्या दिवशी नाताळ म्हणायचंच नाही, काकू. त्या दिवशी हिवाळी बाजार. सोमवारी पाटी उलटी केली की नाताळचा."

"आणि मेलेल्यांना काय सांगायचं? सोमवारी या?"

लोक हसले. सॉसेजवाला शोर्श ओठांवरची बिअर पुसत म्हणाला, "फ्रीडल, जहाज काही आपल्या पाद्र्याला विचारून निघत नाही."

"तुझ्या सॉसेजचा वास टेकडीवर गेला ना, तर तुझा बाप उठून बसेल."

"बसू दे. त्याला आवडायचे."

होल्गर मात्र हसला नाही. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत ज्याचा ठेला उघडला नसेल त्याची जागा जाईल, असा नियम त्यानं वाचून दाखवला. मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "कोपऱ्यावर सगळ्यांचा डोळा आहे, काकू. तुमच्या भल्याचंच सांगतोय."

भल्याचं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं. तो कोपरा गेला तर हिवाळाभर मी काय करणार होते? शेगडीपाशी बसून कास्परच्या रिकाम्या खुर्चीशी बोलणार होते. कोपरा मला हवाच होता. आणि ज्या दिवशी कास्परचं नाव वाचलं जाईल त्या दिवशी मी कढई तापवणार नव्हते. दोन्हीतलं एकही सोडायची माझी तयारी नव्हती.

तो रविवार उजाडला. चर्च निम्मं रिकामं होतं, कारण निम्मं गाव बाहेर ठेले मांडत होतं. पाद्र्यानं नावं वाचायला घेतली. कास्परचं नाव आलं, घंटा झाली, मी उभी राहिले. रडले, आणि त्याची मला लाज नाही. मग बाबेटचं नाव आलं. ती उन्हाळ्यात गेली. घंटा झाली आणि कुणीच उठलं नाही. तिचा एकुलता मुलगा बाहेर शिडीवर चढून कर्णा बांधत होता. भिंतीपलीकडून त्याचा "हॅलो, हॅलो" सगळ्यांना ऐकू येत होता. मी पुन्हा उठून उभी राहिले. ती माझ्या नात्याची नसली म्हणून काय झालं.

बाराच्या आत मी ठेल्याची फळी उघडली. कढई नव्हती, बदाम नव्हते. फळीवर मी कबरीवर ठेवायचे लाल दिवे मांडले. आदल्या दिवशी दफनभूमीजवळच्या माळ्याकडचे होते नव्हते तेवढे सगळे मी उचलले होते.

होल्गर धावतच आला. "काकू, बदाम कुठेत?"

"आज बदाम नाहीत."

"मग ठेला कशाला उघडलात?"

"तू सांगितलंस म्हणून."

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला आणि तो धक्क्याकडे पळाला.

पाहुणे आले. पुढे आकडा लिहिलेली पाटी उंच धरलेली एनिको. ही हंगेरीची पोरगी जहाजावर वाटाड्याचं काम करते आणि दर हिवाळ्यात माझे बदाम खाते. फळीकडे बघून ती थबकली. "हे काय, फ्रीडल? कोण गेलं?"

"बरेच गेले. सांग तुझ्या लोकांना. इथे आज आम्ही मेलेल्यांना भेटायला जातो, बाजार करत नाही. बाजाराच्या पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे. दिवे फुकट आहेत. ज्याला यायचं त्यानं यावं, नाहीतर समोर शोर्श आहेच."

ती तोंडाजवळच्या माइकमध्ये हळू आवाजात बोलली. आता ही मंडळी नाक मुरडणार, असं मला वाटलं. पण लोकरी टोपीतला एक उंच म्हातारा पुढे आला आणि एनिकोला काहीतरी म्हणाला.

"यांची बायको याच वर्षी गेली," एनिकोनं सांगितलं. "तिकीट दोघांचं काढलेलं होतं. तिची कबर समुद्रापलीकडे आहे. विचारतायत, दुसऱ्या कुणाच्या कबरीवर लावला तर चालेल का?"

"का नाही चालणार? म्हणावं, जिथे चक्र नाही, फांदी नाही, तिथे लावा. खालच्या भिंतीकडे करड्या दगडाची एक आहे, तिच्यावर नक्की लावा."

ती कबर कुणाची, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी रोज तिच्याशेजारून जाते.

एकानं घेतला तसा सगळ्यांनी घेतला. एनिकोची पाटी टेकडीच्या वाटेला लागली आणि अख्खं जहाज तिच्यामागून निघालं. चौकात कर्णा गात राहिला आणि ऐकायला कबुतरं उरली.

"फ्रीडल, माझं गिऱ्हाईक कुठे पाठवलंस?" शोर्श ओरडला.

"तुझ्या बापाकडे."

त्यानं मला दोन सणसणीत शिव्या घातल्या. मग शेगडी विझवली, एप्रन काढला आणि फळीवरचा एक दिवा उचलून तोही निघाला. मी शेवटचा दिवा घेतला आणि फळी तशीच उघडी ठेवून वर गेले.

टेकडीवर होल्गरनं मला गाठलं. त्याला धाप लागली होती. "काकू, ठेला सोडून आलात! नियम म्हणजे नियम. बाजाराच्या समितीला मी..."

"फळी उघडी आहे. जाऊन बघ."

"आणि जहाजवाल्यांना काय सांगू? बाजार बघायला आले होते ते!"

मग तो आपणहूनच थांबला. खालच्या भिंतीकडे तो लोकरी टोपीतला म्हातारा ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. करड्या दगडावरचा पाचोळा त्यानं हातानं बाजूला केला होता आणि टोपीच्या आडोशानं दिवा पेटवत होता.

"त्याला इथे कुणी पाठवलं?" होल्गरनं विचारलं.

"मी."

"मी येणारच होतो. संध्याकाळी, सगळं आवरलं की."

"सकाळी तिचं नाव वाचलं, होल्गर. घंटा झाली. कुणी उठलं नाही. शेवटी मी उठले."

त्याचा चेहरा उतरला. मग माझ्या हाताकडे बघून अगदी हळू म्हणाला, "तेवढा दिवा मला द्याल?"

"नाही. हा कास्परचा आहे."

त्यानं मान हलवली. मफलर सोडून हातात घेतला. "कोपरा तुमचाच राहील, काकू."

"कोपरा माझाच आहे. आणि पुढच्या वर्षीही या दिवशी मी बदाम भाजणार नाही, हे आत्ताच ऐकून ठेव," मी म्हणाले. "आता जा. परका माणूस तुझ्या आईच्या कबरीवरचा पाचोळा उचलतोय."