तीस म्हणेपर्यंत

मोजायचं काम माझ्याकडे होतं. ह्यांचा उजवा घोटा वर्षभरात चारदा मुरगळला, चौथ्यांदा तर शिडीवरच. रंगकामाच्या मुकादमाने, मेल्याने, तोंडावर सांगितलं की डॉक्टरीणबाईंचा कागद आण तरच शिडीवर चढ, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा माणूस घेतो. कागद कधी मिळणार, तर डोळे मिटून उजव्या एका पायावर तीस सेकंद उभं राहिल्यावर. तसा व्यायामही बाईंनी शिकवला.

रोज सकाळी हे स्वयंपाकघरात घडी घातलेल्या उशीवर उभे राहायचे. मी भांडी घासता घासता मोजायची. पहिल्या दिवशी सातावरच कोलमडले आणि तोंड एवढंसं झालं. बावीस वर्षं शिडीवर उभं राहून भिंती रंगवणारा माणूस उशीवर लटपटताना मला बघवेना हो. दुसऱ्या दिवशी मी जरा भरभर मोजलं. दहा झाले, चेहरा खुलला. मग काय, मला चटकच लागली. ह्यांचा गुडघा थरथरला की माझे आकडे धावत सुटायचे. महिन्याभरात आमचे तीस झाले. ह्यांनी ब्रशसुद्धा धुऊन ठेवले.

तपासणीला बाईंनी टेबलावर घड्याळ ठेवलं. हे माझ्याकडे बघून हसले आणि डोळे मिटले. मी मनातल्या मनात आमच्याच चालीने मोजत होते. माझे तीस झाले तेव्हा घड्याळात अठरा. एकोणिसाव्या सेकंदाला घोटा वळला आणि हे भिंतीवर आदळले. सराव सोडू नका, दोन महिन्यांनी या, असं बाई म्हणाल्या. कागद काही दिला नाही. मुकादमाने संध्याकाळीच दुसरा माणूस घेतला.

घरी आल्यावर ह्यांनी घोटा दाबून बघितला. मग म्हणाले, "तू नीट मोजत होतीस ना?"

महिनाभर खोट्यावर खूश केलं, हे कोणत्या तोंडाने सांगू?

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे घरी तीस होत होते आणि तिथे वीससुद्धा नाहीत. पाय कामातून गेला माझा. बस झालं हे नाटक."

त्यांनी उशी झटकली, तिला अभ्रा घातला आणि पलंगावर ठेवून दिली. खऱ्या साताचे खरे एकोणीस झाले होते. हे मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी भांडी घासायला घेतली.