बिनसहीचा कागद

मी लॅमिनेट केलेला एक कागद बोलतोय. माझ्यावर कुणाचीच सही नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे घोळ नको.

माझा जन्म अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतला. मृणालिनीबाईंचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलता येतंय तोवर काय हवं-नको ते लिहून ठेवा." बाईंनी त्याच संध्याकाळी पट्टी धरून समास आखला आणि माझ्यावर लिहिलं : 'शेवट जवळ आला की मला मशीनवर ठेवू नये. घशात नळी नको. दुखणं कमी करावं. घरीच असू द्यावं.' खाली सहीला जागा, साक्षीदारांना दोन रेघा.

"अहो, याच्या दोन झेरॉक्स आणा. मग सह्या करू," त्या यजमानांना म्हणाल्या.

रघुवीरराव वडाळ्याला गेले आणि मला लॅमिनेट करून घेऊन आले.

बाईंनी पेन टेकवलं. ते घसरलं.

"सहीच्या आधी लॅमिनेट?"

"पावसात भिजला असता."

"मार्चमध्ये?"

रघुवीररावांनी तीस वर्षांच्या नोकरीत बिनसहीचा एकही कागद पुढे जाऊ दिला नव्हता. बाईंना ते ठाऊक होतं, म्हणून ही चूक नव्हे हेही कळलं. त्या रागावल्या नाहीत. नवा फुलस्केप त्यांच्यापुढे सरकवला. "आता तुम्ही लिहा. मी सांगते."

'घरीच' या शब्दाशी त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मग शेवटी त्यांनी आपल्या मनाने जोडलं : 'पलंग गॅलरीजवळ.' सह्या झाल्या. तो कागद फाईलमधून कपाटात गेला. आमच्याकडे लॅमिनेट केलेली वस्तू टाकत नाहीत, म्हणून मी बाईंच्या औषधाच्या ग्लासाखाली आलो.

जूनमधल्या एका दुपारी बाईंना घरघर लागली. मुलीने, नूपुरने, फोन उचलला. "बाबा, ॲम्ब्युलन्स बोलावते. आयसीयूत तरी..."

रघुवीररावांनी ग्लास उचलला, मला बनियनला पुसलं आणि तिच्या हातात दिलं. "वाच. मोठ्याने."

ती नळीपर्यंतच वाचू शकली. पुढचं त्यांनी पाठ म्हटलं. मग दुखण्याचं औषध मोजून बाईंच्या जिभेखाली सोडलं आणि हात धरून बसले.

बिनसहीचा कागद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मंजूर केला.

पलंग आता पुन्हा भिंतीकडे गेलाय. माझ्यावर रघुवीररावांचा चहाचा कप असतो. डाग पुसला की जातो. एक विनंती आहे. तुमचं काय ते वेळेवर लिहून ठेवा. झेरॉक्स काढायला कुणाला पाठवायचं, ते मात्र विचार करून ठरवा.